शाळेत न जाणारा मुलगा आणि आईचा खाडा : एका कुटुंबाच्या समुपदेशनाचे प्रकरण

हे प्रकरण पिंपरी-चिंचवडमधील औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या एका वस्तीतले आहे. मुलाचे नाव बदलले आहे, आणि कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशीलही बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि आमच्याकडून झालेल्या चुका मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत. कमी फीमध्ये मुलांचे आणि कुटुंबांचे समुपदेशन करणाऱ्या केंद्रांना त्यांचा उपयोग व्हावा, हा हे लिहिण्यामागचा हेतू आहे.

पार्श्वभूमी

सोहम नऊ वर्षांचा असून महापालिकेच्या शाळेत चौथीत, सकाळच्या सत्रात शिकत होता. कुटुंब धाराशिव जिल्ह्यातून सात वर्षांपूर्वी इकडे आले होते. वडील भाड्याचा टेम्पो चालवतात. आई एका लहान कारखान्यात ठेकेदारामार्फत पॅकिंगचे काम करते. तिची पाळी नऊ ते सहा अशी असून रोज ४०० रुपये आहे. महिन्यात एकही खाडा झाला नाही तर ६०० रुपये हजेरी बक्षीस मिळते. शाळा सुटल्यावर सोहम शेजारच्या मावशींकडे थांबत असे.

आमचे केंद्र वस्तीपासून चालत पंधरा मिनिटांवर, एका समाजमंदिराच्या दोन खोल्यांत चालते. दोन समुपदेशक आणि वस्तीतल्याच तीन प्रशिक्षित कार्यकर्त्या, ज्यांना सगळे ताई म्हणतात, असा आमचा गट आहे. फी उत्पन्नाप्रमाणे ठरते आणि या कुटुंबाला ती एका बैठकीला ३० रुपये लावली होती. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मधील अठराव्या कलमाने परवडेल अशा खर्चात, घराजवळ पोचता येईल अशा ठिकाणी सेवा मिळण्याचा हक्क दिला आहे आणि त्यात मुलांसाठीच्या सेवांचा स्वतंत्र उल्लेख आहे. ३० रुपये आणि पंधरा मिनिटे म्हणजे आपण या दोन्ही कसोट्यांना उतरतो, असे आम्हाला मनापासून वाटत होते.

प्रश्न कसा समोर आला

ऑगस्टच्या मध्यावर सोहमच्या वर्गशिक्षिका त्याला आणि त्याच्या आईला घेऊन आल्या. जूनमध्ये शाळा उघडल्यापासून त्याच्या पोटात दुखत होते. दोन डॉक्टरांनी तपासले होते आणि सोनोग्राफीही झाली होती, पण दोष काही सापडला नव्हता. सकाळी गणवेश चढवला की दुखणे सुरू व्हायचे आणि नंतर, म्हणजे शाळेची वेळ टळली आणि आई कामाला निघाली की, त्याचे स्वरूप बदलायचे. तेव्हा तो रडत नसे, पण दाराच्या उंबऱ्यावर बसून राही आणि आत येत नसे. गेले दोन आठवडे तो शाळेत गेलाच नव्हता. नाव कमी होईल या धास्तीने आई बोलताना सारखी बाईंकडे पाहत होती. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, हे बाईंनी तिला आमच्यासमोरच सांगितले आणि त्यामुळे तिच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा उतरला.

बाईंनी हजेरीपटाची नक्कल आणली होती. जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत सोहम फक्त सोमवारी गैरहजर होता. पुढे सोमवारला मंगळवार जोडला गेला आणि जुलैअखेर आठवडाच्या आठवडा लाल खुणांनी भरला. नऊपैकी आठ सोमवार गैरहजेरीचे होते. मी त्या कागदाकडे पाहिले आणि रविवारच्या सुट्टीनंतर मुलांना शाळा नको वाटते, त्यातलाच हा प्रकार, अशी नोंद केली. या प्रकरणातली ही पहिली चूक होती आणि ती माझी होती.

वर्तनाविषयीची पंचवीस विधानांची प्रश्नावली आईकडून आणि बाईंकडून भरून घेतली. दोन्हीकडे भावनिक त्रासाचा भाग ठळक दिसला. खोड्या, भांडणे, अभ्यासातली मागे पडलेली गती असे काही नव्हते. शाळेत कोणी मारते का, छळते का, कोणी नको तसा स्पर्श केला आहे का, हे आम्ही सोहमला एकट्याला, दोन वेगवेगळ्या दिवशी विचारले. लैंगिक अत्याचाराचे काही आढळले असते तर, मुलांना त्यापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याप्रमाणे, ते कळवणे आमच्यावर बंधनकारक होते, म्हणून ही विचारणा कधीही टाळायची नसते. तसे काही आढळले नाही. आईपासून दूर जाण्याची तीव्र भीती, असा आमचा प्राथमिक अंदाज झाला आणि तो पुढे खरा ठरला. पण नऊ वर्षांच्या मुलाला ती भीती अचानक का वाटू लागली, हा प्रश्न आम्ही नेटाने विचारला नाही.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सरकारी रुग्णालयातील मानसोपचार विभागाकडे पाठवण्याचा होता. तिथे उपचार जवळजवळ मोफत होतात, तज्ज्ञही असतात. पण केसपेपर काढण्यापासून औषध हातात पडेपर्यंत अख्खी सकाळ जाते आणि मुलांशी तासभर बसून बोलण्याइतकी सवड तिथल्या डॉक्टरांना मिळत नाही. दुसरा पर्याय शाळेमार्फत थोडा धाक घालून मुलाला वर्गात बसवण्याचा होता. घरच्यांचा कल तिकडे होता, वडिलांचा तर फारच. भीतीपोटी घरी राहणारे मूल जितके जास्त दिवस घरी राहते, तितके परतणे अवघड होते. त्यामुळे लवकर शाळेत नेण्याची घाई चुकीची नव्हती, पण ओढत नेण्याने भीती कमी होत नाही. तिसरा पर्याय पायरी पायरीने शाळेत परतण्याचा आराखडा आणि त्याच्या जोडीला आई व मुलाच्या साप्ताहिक बैठका असा होता. आम्ही तो निवडला. बैठकीचा दिवस शनिवार आणि वेळ अकराची ठरली, कारण केंद्राचा मुलांचा दिवस शनिवार होता. त्या वेळी याला कोणी निर्णय म्हणाले नसते.

पहिले पाच आठवडे

आराखडा साधा होता. पहिल्या आठवड्यात फक्त शाळेच्या फाटकापर्यंत जायचे, मग प्रार्थनेला थांबायचे, मग मधल्या सुट्टीपर्यंत आणि शेवटी पूर्ण सत्र. कारखान्यात मोबाइल गेटवर जमा करावे लागत असल्याने आईला मधेच फोन करणे शक्य नव्हते. त्यावर आईनेच तोड काढली. ती सातवीपर्यंत शिकलेली आहे. रोज सकाळी ती एका चिठ्ठीवर लिही, ‘मी कामावर आहे. साडेसहाला घरी.’ ही चिठ्ठी डब्याच्या झाकणाखाली ठेवली जाई आणि सोहम ती मधल्या सुट्टीत उघडे. तिसऱ्या आठवड्यात तो मधल्या सुट्टीपर्यंत बसू लागला.

बैठकांचे मात्र वेगळेच झाले. आई पहिल्या दोन शनिवारी आली, पुढचे तीन शनिवार आली नाही. सलग तीन बैठका चुकल्या की नोंद बंद करून जागा प्रतीक्षेतल्या कुटुंबाला द्यायची, असा केंद्राचा नियम आहे. तो नियम निर्दयपणाने केलेला नाही. वाट पाहणारी मुले खरोखरच असतात. याच दरम्यान एका सकाळी घाईत चिठ्ठी राहून गेली. सोहमने मधल्या सुट्टीत रिकामे झाकण पाहिले आणि तो फाटकातून धावत सुटला. तो घरी न जाता कारखान्याच्या रस्त्याला लागला होता. मोठ्या चौकात एका रिक्षावाल्या काकांनी त्याला थांबवले. त्यानंतर त्याने पुन्हा शाळेत पाऊल टाकले नाही.

नोंद बंद करायची की नाही, यावर आमच्या बैठकीत बराच वाद झाला. आई गंभीर नाही, असे एका सहकाऱ्याचे मत पडले. मलाही क्षणभर तसे वाटले. वस्तीतल्या एक ताई म्हणाल्या, “मॅडम, बंद करायच्या आधी मला एकदा जाऊन येऊ द्या.”

खाडा

ताई रात्री साडेआठला गेल्या आणि आईने त्यांना सरळ हिशेब सांगितला. शनिवार तिचा कामाचा दिवस होता. दोन तास मागितले तरी ठेकेदार अर्धा दिवस कापतो, म्हणजे २०० रुपये. त्याने महिन्याचा खाडा लागतो आणि ६०० रुपयांचे हजेरी बक्षीस जाते. आमची ३० रुपयांची पहिली बैठक तिला ८३० रुपयांना पडली होती. तिच्या कारखान्याला साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. पत्ता, उत्पन्न, घरातली माणसे, आजार, रेशनकार्डाचा रंग, इतके सगळे आमच्या नोंदणी अर्जात होते, पण तुमची सुट्टी कोणत्या वारी असते, ही ओळ नव्हती.

फी किती ठेवावी यावर आम्ही वर्षानुवर्षे चर्चा केली होती. मजुरीवर जगणाऱ्या घराला सेवा परवडते की नाही हे फीपेक्षा खाड्यावर ठरते, हे इतक्या जवळ राहूनही आम्हाला दिसले नव्हते. याची मला अजून खंत वाटते. दुसऱ्याच आठवड्यापासून या कुटुंबाची बैठक गुरुवारी दुपारी दोन वाजता ठेवली. तोपर्यंत शाळेचे सत्र सुटलेले असते आणि आई घरी असते. त्यानंतरच्या चार महिन्यांत तिच्या दोनच बैठका चुकल्या.

सोमवारच्या चपला

गुरुवारच्या दुसऱ्या बैठकीत सोहमला एका लांब कागदावर सात चौकटी आखून दिल्या आणि आठवड्यातला प्रत्येक वार घरी कसा असतो ते काढायला सांगितले. रविवारी त्याने टेम्पो काढला, गुरुवारी आई आणि भांड्यांचा ढीग. सोमवारच्या चौकटीत माणूस एकही नव्हते. एक बंद दार होते आणि दाराबाहेर चपलांची रांग. त्या त्याने एक एक करून, पट्ट्यांसकट काढल्या होत्या.

“या कुणाच्या चपला?” मी विचारले.

“हप्त्याच्या बायकांच्या,” तो म्हणाला आणि एका चपलेवर बोट ठेवून त्याने सांगितले, “ही आईची. ही दिसली की आई आत आहे.”

सोमवारी सकाळी साडेसातला मावशींच्या घरी मायक्रोफायनान्सच्या, म्हणजे गटाने घेतलेल्या छोट्या कर्जांच्या, गटाची मीटिंग भरत असे. एकीचा हप्ता कमी पडला तर बाकीच्यांनी भरायचा, या अटीमुळे कोणी उठून जाऊ शकत नसे आणि कमी पडणारी बाई सगळ्यांच्या तोंडी सापडे. सोहमची शाळा त्याच वेळी भरते. सोमवारी त्याच्या पोटात का दुखत होते, ते आम्ही सात आठवड्यांनी त्या कागदावर पाहिले. हजेरीपटाने ते पहिल्याच दिवशी सांगितले होते.

आईशी एकटीशी बोललो तेव्हा तिने आधी दाराला कडी लावून घेतली. एप्रिलमध्ये, अशाच एका सोमवारी, मीटिंगनंतर तिने स्वतःचा जीव घेण्याचा प्रयत्न केला होता. सोहम तेव्हा शाळेत होता. मावशींनी त्याला शाळेतून आणले आणि आई गावाला गेली आहे असे सांगितले. पाच दिवसांनी ती परत आली तेव्हा तिच्या हातावर सलाइनची पट्टी होती. त्यानंतर घरात या विषयावर कोणी चकार शब्द काढला नाही. मुलाने आपल्यापुरता अर्थ लावला होता की आपण शाळेत गेलो की आईला काहीतरी होते.

पोलीस केस होईल या भीतीने वडिलांनी तिला सरकारी रुग्णालयात न नेता खाजगी रुग्णालयात नेले होते. बिल ४०,००० रुपये झाले आणि ते भागवायला तिसरे कर्ज काढले. आमच्याकडे आले तेव्हा दोघांचे मिळून उत्पन्न महिना साधारण २४,५०० रुपये होते आणि तीन कर्जांचे हप्ते महिन्याला सुमारे १४,००० रुपये. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार अशा कर्जांचे हप्ते कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. आणि ज्या भीतीमुळे तिसरे कर्ज झाले, ती भीतीही कायद्याने बरीचशी दूर केलेली होती. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या ११५व्या कलमाप्रमाणे असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरायचे असते आणि तिला शिक्षा करायची नसते. उलट तिची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही भारतीय दंड संहितेच्या जुन्या ३०९ कलमासारखे सरसकट शिक्षेचे कलम ठेवलेले नाही. वस्तीत मात्र अजूनही सगळे पोलीस केस हेच दोन शब्द बोलतात.

त्या दुपारचे निर्णय

दुपारचे सव्वातीन झाले होते. मरणाचे विचार अजून येतात का, कसे करायचे ते मनात ठरले आहे का, घरात तशी वस्तू आहे का, हे तिला स्पष्ट शब्दांत विचारले. अशा विचारण्याने कल्पना डोक्यात भरते, हा समज चुकीचा आहे. विचारल्यावर माणूस मोकळे होते आणि तीही झाली. विचार येत होते, पण काही ठरवलेले नव्हते. तिला लगेच तातडीच्या विभागात न्यायचे की दुसऱ्या दिवशी बाह्यरुग्ण विभागात, हा पहिला निर्णय होता. धोका त्या क्षणी तातडीचा वाटला नाही आणि रात्रभर सोबत राहायला तिची बहीण तयार झाली, म्हणून दुसरी सकाळ ठरवली. नवऱ्याला सांगायचे का, हा दुसरा निर्णय. तिची संमती घेऊन आणि तिच्यासमोरच आम्ही सांगितले. त्रास वाढला तर कोणाला हाक मारायची याचा कागद तिच्याच अक्षरात लिहून घेतला. त्यात बहीण, मावशी, आमचा क्रमांक आणि १४४१६ होता. १४४१६ म्हणजे ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली टेली-मानस ही सरकारी दूरध्वनी सेवा. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येते.

तिसऱ्या निर्णयावर आमच्यात मतभेद झाले. दुसरा दिवस शुक्रवार होता, म्हणजे पुन्हा खाडा. केंद्राच्या आपत्कालीन निधीतून तिची ४०० रुपयांची मजुरी द्यावी, असे मी सुचवले. पैसे देऊन माणसे आणायची सवय लागेल, हा आक्षेप आला आणि तो अगदीच अनाठायी नव्हता. तरीही आम्ही पैसे दिले. त्या एका दिवशी ती रुग्णालयात गेली नसती तर नंतरच्या कशालाच अर्थ उरला नसता. डॉक्टरांनी नैराश्याचे निदान करून औषध सुरू केले. पुढच्या तपासण्या त्यांनी गुरुवारी ठेवल्या, कारण या वेळी आम्ही तसे विचारले होते.

आणखी एक अडचण होती. गटाची मीटिंग ज्या गल्लीत भरते, त्याच गल्लीत आमच्या ताई राहतात. हिशेब कळला तो त्यांच्यामुळे. पण एप्रिलची गोष्ट त्यांच्यापर्यंत जाऊ नये, अशी आईची इच्छा होती. ताईंना ती नोंद दाखवली नाही आणि असे का केले ते आडपडदा न ठेवता त्यांना सांगितले. त्यांना वाईट वाटले, पण त्यांनी ते मान्य केले.

मुलाला खरे सांगणे

एवढ्या लहान मुलाला सांगायचे का, यावर वडिलांचा विरोध होता. मुलाला अर्धे माहीतच आहे आणि उरलेले तो कल्पनेने भरतो आहे, हे चपलांचे चित्र दाखवून त्यांना पटवावे लागले. आईने काय बोलायचे ते आमच्याबरोबर दोन बैठका तयार केले आणि मग स्वतः सांगितले, “तेव्हा माझ्या मनाला आजार झाला होता. मी गावाला नव्हते गेले, दवाखान्यात होते. तुझ्यामुळं नाही झालं. आता औषध चालू आहे.”

सोहमने विचारले, “परत नाही ना जाणार?”

कधीच नाही, असे वचन द्यायचा मोह तिला झाला होता, पण ते न देण्याचे आम्ही ठरवले होते. जे पाळणे आपल्या हातात आहे तेवढेच मुलाला सांगायचे. ती म्हणाली, “त्रास व्हायला लागला की मी आधी तुझ्या मावशीला फोन करीन. लगेच.” ही मावशी म्हणजे आईची बहीण. त्याने मावशीचा नंबर पाठ आहे का, असे विचारले आणि तो तिच्याकडून म्हणवून घेतला.

परिणाम

शाळेत परतण्याचा आराखडा ऑक्टोबरच्या सुरुवातीला पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू केला. चिठ्ठी या वेळीही होती, पण ती रोजची न ठेवता पहिले तीन आठवडे रोज, मग दिवसाआड, मग फक्त सोमवारी अशी कमी करत नेली. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो पूर्ण सत्र बसू लागला. डिसेंबर आणि जानेवारी मिळून तो पाच दिवस गैरहजर होता आणि त्यातले तीन सोमवार होते.

कर्जाचे काम आमच्या आवाक्याबाहेरचे होते. वडिलांना घेऊन तिन्ही कर्जांची पुस्तके एका गुरुवारी टेबलावर मांडली. दोन कर्जे आईच्या नावावर पण वडिलांच्या गरजेपोटी काढलेली होती आणि हे त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने बोलले गेले. त्यांनी त्या दोन्हींच्या हप्त्यांची जबाबदारी घेतली आणि सोमवारच्या मीटिंगला पैसे घेऊन स्वतः जाऊ लागले. उत्पन्न वाढलेले नाही, त्यामुळे ओढाताण आहेच. वडील एकूण तीनच बैठकांना आले. आईचे औषध चालू आहे आणि झोप सुधारली आहे. जानेवारीत एकदा तिने रात्री अकराला बहिणीला फोन केला, तेव्हा बहीण लगेच आली होती.

पुन्हा वेळ आली तर

हजेरीपट आम्ही वारांप्रमाणे वाचू आणि त्या वारी घरात काय असते ते पहिल्याच भेटीत विचारू. मूल घर सोडायला तयार नसेल तर घरातल्या मोठ्या माणसाच्या जिवाला धोका आहे का, हेही पहिल्याच भेटीत, त्या माणसाला एकटे घेऊन विचारू. आम्ही ते सातव्या आठवड्यात विचारले आणि ते सात आठवडे निभावले यात आमचे कर्तृत्व नाही. चिठ्ठीची युक्ती चांगली होती, पण ती एखाद्या दिवशी राहिली तर काय करायचे हे मुलाशी आणि बाईंशी आधी ठरवायला हवे होते. तो चौकापर्यंत धावला, याची जबाबदारी आमच्या आराखड्यावर येते.

तीन बैठका चुकल्या की नोंद बंद, हा नियम आम्ही ठेवला आहे, पण बंद करण्याआधी घरी एक भेट सक्तीची केली आहे. मजुरी भरून देण्याबाबत अजून एकमत झालेले नाही. सध्या धोक्याच्या प्रसंगी, एका कुटुंबाला वर्षातून दोनदा, एवढी मर्यादा घातली आहे. नोंदणी अर्जात तीन ओळी वाढवल्या आहेत : साप्ताहिक सुट्टीचा वार, एका खाड्याला जाणारी रक्कम आणि घरातल्या हप्त्याचा वार. मार्चपासून केंद्र गुरुवारी दुपारी आणि रविवारी सकाळी उघडे असते. शनिवारचा मुलांचा दिवस आम्ही बंद केला आहे.